पाळकसाहेबांकडे हिशेब मागणे म्हणजे बंड का?

एका वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"सलाम. आमची मंडळी लहान, साठेक कुटुंबांची. पाळकसाहेब नऊ वर्षांपासून आहेत. उपदेश चांगला करतात, आजाऱ्याच्या घरी रात्री-अपरात्री जातात. माझ्या वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात तर रोज येत होते. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या छपरासाठी वर्गणी सुरू झाली. माझ्या अंदाजाने चार लाख ऐंशी हजार रुपये जमले. अजून एक पत्रा बदललेला नाही आणि दोन वार्षिक सभांत हिशेब वाचला गेला नाही. मी कमिटीवर आहे, म्हणून विचारले. पाळकसाहेब म्हणाले, 'माझ्या अभिषिक्ताला हात लावू नका असं वचन आहे, विसरू नका.' पुढच्या रविवारी इब्री १३:१७ वर उपदेश झाला. आता सात-आठ कुटुंबांनी एका घरी वेगळी प्रार्थनासभा सुरू केली आहे आणि पाळकसाहेबांच्या बदलीसाठी बिशपसाहेबांना अर्ज लिहिला आहे. त्यावर माझी सही मागतात. आई म्हणते, 'मिर्याम मोशेविरुद्ध बोलली आणि तिला कोड फुटलं, तू या भानगडीत पडू नकोस.' मी आज्ञेत राहू की सही करू?"

प्रिय बंधू, सलाम.

अर्जावर सही करू नका. हिशेब मात्र मागा. लेखी मागा, आणि तो कागद पाळकसाहेबांच्याच हातात द्या. आज्ञेत राहणारा विचारत नाही आणि विचारणारा आज्ञेत नसतो, असे तुमच्या मंडळीत दोन्ही बाजूंनी धरून चालले आहेत. शास्त्र तसे धरत नाही.

आधी 'अभिषिक्ताला (देवाने निवडून नेमलेल्याला) हात लावू नका' हे वचन पाहू, कारण तुमचे तोंड त्यानेच बंद झाले. ते स्तोत्र १०५:१५ मध्ये आहे. तेच गीत १ इतिहास १६ मध्येही येते. त्याच्या आधीची तीन वचने वाचा. अब्राहाम, इसहाक, याकोब हे मूठभर लोक, परके, एका राष्ट्रातून दुसऱ्या राष्ट्रात भटकणारे. त्यांच्यासाठी देवाने राजांना दटावले. म्हणजे बिनजमिनीच्या कुटुंबावर चालून येणाऱ्या सत्ताधाऱ्याला दिलेली ती ताकीद आहे. खुर्चीवर बसलेल्याने समोर उभ्या असलेल्याला ती ऐकवणे म्हणजे वचन उलटे धरणे. या गीतामागचा एक प्रसंग उत्पत्ती २० मध्ये आहे. गरारचा राजा अबीमलेख याला देव स्वप्नात सांगतो, अब्राहाम संदेष्टा आहे, त्याची बायको परत कर. अबीमलेख पहाटे उठतो, अब्राहामाला बोलावतो आणि आधी विचारतो, तू आमच्याशी असे का वागलास? अब्राहाम उत्तर देतो, ते फारसे शोभेसे नाही, पण देतो. मग राजा सारेला परत करतो. देवाने ज्याला स्वतःच्या तोंडाने संदेष्टा म्हटले त्यालाही एका परक्या राजापुढे जाब द्यावा लागला.

हाच शब्द दावीद शौल राजाबद्दल वापरतो, १ शमुवेल २४ मध्ये. तिथे 'हात टाकणे' म्हणजे तलवार चालवणे, प्रश्न विचारणे नव्हे. शौल तीन हजार निवडक माणसे घेऊन दावीदाला शोधत एन-गेदीला आला होता. गुहेत तो हाताशी सापडला, तरी दावीदाने फक्त त्याच्या झग्याचा काठ कापला, आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाऊ लागले. उपदेशात ही गोष्ट बहुतेकदा इथेच संपते. शास्त्रात संपत नाही. दावीद गुहेबाहेर येतो, जमिनीपर्यंत लवून नमन करतो, 'माझे स्वामी', 'माझ्या बापा' अशी हाक मारतो आणि मोठ्याने, कापलेला काठ हातात धरून विचारतो, माझा अपराध काय? लोकांच्या सांगण्यावर तुम्ही विश्वास का ठेवता? शौल रडतो, चूक कबूल करतो आणि घरी जातो. दावीद मात्र त्याच्याबरोबर जात नाही, गडावर परत जातो. शौलाच्या अश्रूंवर त्याने शंका घेतली नाही आणि त्यांच्या भरवशावर स्वतःची मानही दिली नाही. पुढे २६ व्या अध्यायात भाला आणि पाण्याचा चंबू उचलून आणल्यावरही असेच होते. मान देणे आणि सावध राहणे एकाच माणसाला जमते, याचा याहून चांगला नमुना सापडणार नाही.

आता इब्री १३:१७. पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा, हे खरेच तिथे आहे, आणि ते पुसून टाकता येणार नाही. पण त्या जागी जे ग्रीक क्रियापद आहे त्याच्या मुळाशी 'पटणे', 'मन वळणे' हा अर्थ आहे. पटवून देणाऱ्या पुढाऱ्याचे ऐकणारा माणूस तिथे डोळ्यांपुढे आहे. शिवाय आज्ञेत का राहायचे, याचे कारण त्याच वाक्यात दिले आहे: त्यांना हिशेब द्यायचा आहे. म्हणजे पाळकसाहेबांनी त्या रविवारी हे वचन घेतले तेव्हा हिशेबाचा शब्द त्यांनीच मंडळीपुढे ठेवला. दहा वचने आधी, १३:७ मध्ये, पुढाऱ्यांच्या वागणुकीचा परिणाम काय झाला ते नीट पाहा आणि मग त्यांच्या विश्वासाचे अनुकरण करा, असे सांगितले आहे. डोळे मिटून अनुकरण करा असे नाही. आता तुमच्या बाजूला टोचणारा भाग. त्याच सतराव्या वचनात म्हटले आहे की पुढाऱ्यांना हे काम आनंदाने करता यावे, कण्हत करावे लागू नये, कारण त्यात तुमचे हित नाही. तुमच्या कमिटीने गेल्या नऊ वर्षांत पाळकसाहेबांना किती कण्हायला लावले, हेही एकदा स्वतःला विचारा. पगार वेळेवर होतो का? १ तीमथ्य ५:१७-१८ मध्ये चांगले काम करणारे वडील दुप्पट सन्मानास पात्र आहेत असे आहे, आणि लगेच मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नको, मजुराला मजुरी मिळाली पाहिजे, असे दोन दाखले आहेत. दाखले मजुरीचे आहेत, म्हणजे सन्मान हारातुऱ्यांपुरता नाही.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण येते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोन वर्षांच्या आत त्या सिस्टर जेराल्डीन यांना लिहीत होत्या की मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण पाद्री किंवा बिशप यांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही; एका पुरोहितशाहीचे जू मोठ्या कष्टाने उतरवले आहे, लगेच दुसरे मानेवर घेणार नाही. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता होत्या, आणि हे शब्द रमाबाईंनी दुसऱ्या कोणाला नाही, त्यांनाच लिहिले. ती पत्रे पुढे जेराल्डीनबाईंनीच जपून ठेवली. पुढे याच रमाबाईंनी केडगावला संपूर्ण बायबल मराठीत आणले.

आईंना काय सांगायचे? त्यांची भीती उडवून लावू नका, गणना १२ त्यांच्याबरोबर वाचा. मिर्याम आणि अहरोन यांनी निमित्त केले मोशेच्या कूशी बायकोचे. खरे दुखणे दुसऱ्या वचनात बाहेर येते: परमेश्वर काय मोशेशीच बोलतो, आमच्याशी नाही का? हेवा होता तो. मोशेने त्यांचे काही बुडवले होते आणि त्यांनी ते विचारले, असे तिथे नाही. आणि मोशे काय करतो तेही आईंना दाखवा: तो एक शब्दही स्वतःच्या बचावाचा बोलत नाही, बहिणीला बरे कर म्हणून ओरडतो, आणि ती आत येईपर्यंत सात दिवस सगळी छावणी थांबते. कोरहाचे बंड (गणना १६) याच जातीचे. अडीचशे सरदार घेऊन तो आला, 'सगळी मंडळी पवित्र आहे' असे म्हणत. हवे होते याजकपद. तेव्हा संतापलेला मोशेसुद्धा परमेश्वरापुढे कोणती गोष्ट काढतो? मी यांचे एक गाढवही घेतले नाही. शमुवेल तर कोणी न विचारता उभा राहतो (१ शमुवेल १२:३): मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाकडून लाच घेतली, सांगा, परत देतो. विचारणारा कोणी नव्हता, तरी त्याने मंडळीला बोलायची संधी दिली. पाळकसाहेबांना हिशेब विचारून तुम्ही त्यांना शमुवेलाच्या रांगेत उभे राहायला बोलावता आहात. यात अपमान कसला?

मग सही का नको? कारण तो अर्ज वेशीवर लिहिला गेला आहे. २ शमुवेल १५ वाचा. दावीद राजाचा मुलगा अबशालोम पहाटे उठून वेशीच्या वाटेवर उभा राहायचा. राजाकडे न्याय मागायला निघालेल्या माणसाला अडवून गाव विचारायचा, तुझी बाजू खरी आहे म्हणायचा, पण तुझे ऐकणारा राजाने नेमलेला नाही असे सांगायचा. कोणी नमन करायला वाकला की त्याला धरून मुका घ्यायचा. एकाही माणसाचा दावा त्याने आत राजापर्यंत नेला, असे तिथे नाही. त्याची तक्रार पोकळ नव्हती. त्याच्या बहिणीवर, तामारेवर, सावत्र भाऊ अम्नोनाने बलात्कार केला तेव्हा दावीद संतापला आणि त्यापुढे त्याने काहीच केले नाही. अबशालोमच्या बाजूला गेलेला मंत्री अहिथोफेल हा बथशेबेचा (जिच्या नवऱ्याला, उरियाला, दावीदाने मारवले तिचा) आजोबा असावा, असे २ शमुवेल ११:३ आणि २३:३४ जोडून अनेक अभ्यासक म्हणतात. तसे असेल तर त्याचेही दुखणे खरेच होते. खऱ्या दुखण्याला योग्य दार मिळाले नाही की ते वेशीवर जाऊन बसते. आणि त्या अध्यायातली एक ओळ सही मागणाऱ्यांना वाचून दाखवा: यरुशलेमेहून अबशालोमबरोबर दोनशे माणसे गेली, ती भोळेपणाने गेली, त्यांना काहीच ठाऊक नव्हते. अर्जावरच्या सह्यांत अशी माणसे नेहमी निम्म्याहून जास्त असतात.

याच्या उलट नाथान संदेष्टा. उरियाला मारवून बथशेबा घरात आणलेल्या राजाकडे तो स्वतः जातो. आधी मेंढीच्या पिलाची गोष्ट सांगतो, राजाकडूनच निवाडा वदवून घेतो, मग म्हणतो, तो मनुष्य तूच. बाहेर येऊन जमाव गोळा करत नाही. आता त्याच प्रकरणातला दुसरा माणूस पाहा, सेनापती योवाब. उरियाला जिथे लढाई घनघोर आहे तिथे पुढे ठेवा असे पत्र आले आणि त्याने एक शब्दही न विचारता ते अमलात आणले. 'निष्ठावंत' हा शब्द आपल्याकडे ज्या अर्थाने फलकांवर छापतात, त्या अर्थाने योवाब निष्ठावंत ठरला. पुढे दावीद म्हातारा होऊन अंथरुणाला खिळला आणि त्याचा मुलगा अदोनीया याने परस्पर स्वतःला राजा म्हणवले, तेव्हा अदोनीयाच्या पंगतीला कोण होते? योवाब. आणि दावीदाच्या बाजूने कोण राहिले? नाथान (१ राजे १:७-८). ज्याने पापात साथ दिली तो शेवटी गेला, ज्याने तोंडावर सुनावले तो शेवटपर्यंत राहिला. म्हणून त्या सात-आठ कुटुंबांना एकच विचारा: यातले काय काय तुम्ही पाळकसाहेबांना समोर बसून सांगितले आहे? तुमच्या पत्रात तरी तसे एकही वाक्य नाही.

आता छपराकडे येतो. याच विषयावर शास्त्रात एक अख्खा प्रसंग आहे आणि तो फारसा कोणी वाचत नाही: २ राजे १२. योवाश राजाने याजकांना सांगितले होते की मंदिरात येणारा पैसा घ्या आणि मोडतोड दुरुस्त करा. राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत दुरुस्ती झालीच नाही. राजाने मुख्य याजक यहोयादाला आणि इतरांना बोलावून सरळ विचारले, दुरुस्ती का केली नाही? यहोयादा साधा माणूस नव्हता. लहानपणी राजाचा जीव वाचवला तो यहोयादाच्या बायकोने, आणि राजाला गादीवर बसवणारा यहोयादाच. तरी विचारले. आणि पुढे काय झाले? चोर कोण याचा शोध झाला नाही, कोणाला हाकलले नाही, पैशाची वाट बदलली. यहोयादाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडले, ती वेदीच्या उजव्या बाजूला ठेवली. दारावरचे याजक आलेला पैसा तीत टाकत. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून मोजत, पिशव्यांत बांधत आणि कामावरच्या मुकादमांना देत. तिथून सुतार, गवंडी, पाथरवट, लाकूड, दगड. त्या पैशातून चांदीची भांडीकुंडी केली नाहीत, हेही मुद्दाम नोंदले आहे. म्हणजे ज्या कामाचा पैसा त्याच कामाला. आणि दोषार्पण व पापार्पणाचा पैसा याजकांचाच राहिला. त्यांच्या पोटावर कोणी पाय दिला नाही.

या प्रसंगातून तुमच्यासाठी सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे बिघाड कुठे असतो याचा अंदाज. लहान मंडळ्यांत निधी गायब होण्याचे नेहमीचे कारण चोरी नसते, मिसळ असते. सगळी रोकड एका पिशवीत, पिशवी पाळकांच्या कपाटात. विजेचे बिल आले, भागवले. डायोसिसचा (बिशपसाहेबांच्या प्रांताचा) वाटा भरायचा राहिला, भरला. पगार दोन महिने थकला, 'उसने' घेतले. कोणा विधवेच्या ऑपरेशनला दिले, पावती मागायची लाज वाटली. दोन वर्षांनी आकडा जुळत नाही, सांगायला संकोच वाटतो, आणि संकोचलेला माणूस वचनाची ढाल करतो. तुमच्याकडे असेच झाले असेल असे नाही. पण हे शक्य आहे हे मनात ठेवून गेलात तर तुमचा पहिला प्रश्न वेगळा असेल.

म्हणून जाण्याआधी स्वतःचा आकडा तपासा. 'अंदाजाने चार लाख ऐंशी हजार' हा वर्गणीत लिहून दिलेला आकडा आहे की प्रत्यक्ष आलेला? या दोहोंत मोठी तफावत असते, आणि आरोप करणारे बहुतेक वेळा इथेच तोंडावर पडतात.

पहिली भेट एकट्याने, मत्तय १८:१५ प्रमाणे. रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या अंगणात नको. तिथे दहा कान असतात आणि दोघांनाही माघार घेता येत नाही. आठवड्यातला दिवस, आधी वेळ मागून. पाळकीणबाई आणि मुले यांच्यासमोर विषय काढू नका. 'पैसे कुठे गेले?' असे विचारू नका, 'छपराच्या निधीचा जमाखर्च येत्या कमिटीपुढे मांडायचा आहे, तो तयार करायला मी बसू का?' असे विचारा. हे गोड बोलणे नव्हे. निर्गम १८ मध्ये सासरा इथ्रो मोशेला आधी स्पष्ट म्हणतो, तू करतोस ते ठीक नाही. आणि लगेच हजार, शंभर, पन्नास, दहा यांवर नायक नेमायची सगळी मांडणी देतो. नायक कसे निवडायचे तेही सांगतो: कर्तबगार, देवाला भिणारे, खरे, लाचेचा तिटकारा असलेले. मोशे ऐकतो. टीकेबरोबर खांदा पुढे केला की ती ऐकली जाण्याची शक्यता वाढते.

त्याच भेटीत एका पानाचा, तारीख घातलेला कागद द्या. त्यात मागणी एवढीच: छपराच्या पावतीपुस्तकांचे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे क्रमांक, बँकेतल्या नोंदी, हातात शिल्लक रोकड, झालेला खर्च बिलांसह, आणि या निधीतून इतर कामाला किंवा कोणाला उसने दिलेले असल्यास ते. पंधरा दिवसांची मुदत पुरे. दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. त्या कागदात बदली, उपदेश, प्रार्थनासभा यांतले काहीही घालू नका. दोन विषय एकत्र आले की उत्तर सोप्या विषयाचे मिळते. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर एक ओळही नको. तिथे प्रश्नाचा अर्ध्या तासात आरोप होतो आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात निकाल लागलेला असतो.

पंधरा दिवसांत काही झाले नाही तर दोघांना बरोबर घेऊन पुन्हा जा. एक असा वडीलधारा, ज्याचा पाळकसाहेब मान ठेवतात. दुसरा, ज्याला जमाखर्च वाचता येतो. दोघांपैकी कोणीही तुमचा नातेवाईक किंवा त्या सात-आठ कुटुंबांतला नको. १ तीमथ्य ५:१९ मध्ये वडिलांवरचा आरोप दोन किंवा तीन साक्षीदार असल्याशिवाय दाखल करून घेऊ नये असे आहे. साक्षीदार म्हणजे स्वतः पाहिलेला माणूस. ऐकीव गोष्टीवर पन्नास सह्या घेतल्या तरी साक्षीदार शून्यच. हा नियम पुढाऱ्याला खोट्या आळापासून वाचवतो, म्हणून तो मोडू नका. आणि पुढच्याच वचनात दोष सिद्ध झालेल्याला सर्वांदेखत दोष द्यावा असे आहे, तेव्हा तो लपवण्याचे साधनही नाही.

तिसऱ्या पायरीला कमिटीत ठराव आणा आणि इतिवृत्तात नोंद करून घ्या. त्यानंतर वरिष्ठांकडे, म्हणजे बिशपसाहेबांकडे किंवा तुमच्या मंडळीच्या घटनेत जे असतील त्यांच्याकडे. तिथे मागणी हिशेब तपासणीची असू द्या, बदलीची नको. बदलीने माणूस जातो आणि त्याच्याबरोबर उत्तरेही जातात. नवे पाळकसाहेब म्हणणार, मला काही माहीत नाही, आणि जुनी सवय दुसऱ्या मंडळीच्या पदरात पडणार. तुमच्या चर्चचा ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला असेल तर दरवर्षी लेखापरीक्षण होऊन अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जायला हवा. तो अहवाल मागणे म्हणजे भावाला कोर्टात खेचणे नव्हे. १ करिंथ ६ चा धाक त्याला लावू नका. आयुक्तांकडे तक्रार ही मात्र शेवटची पायरी, आधीच्या सगळ्या चढून झाल्यावर.

एक अपवाद सांगतो, तुमच्या पत्रात त्याचा मागमूस नसला तरी. प्रकरण पैशाचे नसून लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराचे असेल तर मत्तय १८ च्या पायऱ्या चढत बसायचे नसते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. १०९८ वर फोन करता येतो. शौलाने नोब इथल्या याजकांना मारायची आज्ञा दिली तेव्हा त्याच्याच पहारेकऱ्यांनी हात उचलायला नकार दिला (१ शमुवेल २२:१७). राजा अभिषिक्त होता, तरीही.

हिशेब समोर आला आणि स्वच्छ निघाला, तर तेवढ्याच मोठ्या आवाजात ते सांगा, आधी त्या सात-आठ कुटुंबांना. 'उसने' घेतलेले निघाले तर परतफेडीचा कागद करा, हप्ता ठरवा, थकलेला पगार त्याच बैठकीत चुकता करा. अपहार निघाला तर १ तीमथ्य ५:२०, आणि पुढच्या वचनातली ताकीद: तोंड पाहून काही करू नका. वडिलांच्या आजारात ते रोज आले म्हणून सूट नाही, आणि सूट नाही म्हणून ते रोज आले हे खोटेही ठरत नाही.

तिन्हींपैकी काहीही निघाले तरी पैशाची वाट बदलाच. अर्पण उपासना संपताच, चर्चमध्येच, टेबलावर मोजावे. मोजणारे दोघे, एका घरातले नसावेत, दर महिन्याला जोडी बदलावी. नोटांची मोड लिहिलेल्या कागदावर दोघांच्या सह्या. रोकड रविवारी रात्री पाळकांच्या घरी जाऊ नये. गेली तर संशयाचे ओझेही त्यांच्याच घरी जाते. सोमवारी बँकेत. छपराला वेगळे खाते, दोन सह्यांचे. पावतीपुस्तके क्रमांकाची, रद्द पावतीही पुस्तकातच राहावी. महिन्याचा आकडा फलकावर. कोणी म्हणेल, हा अविश्वास आहे. त्यांना एज्रा ८ दाखवा: अहवा नदीकाठी एज्राने बारा याजकांच्या हाती साडेसहाशे किक्कार (हे त्या काळचे मोठे वजन) चांदी आणि शंभर किक्कार सोने वजन करून दिले, आणि यरुशलेमेत चौथ्या दिवशी पुन्हा वजन करून, मोजून, लिहून घेतले. उपास करून निघालेले भक्त लोक होते ते. पौलही यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमवलेली मदत एकट्या माणसाच्या हाती देत नाही, तीताबरोबर आणखी दोन बंधू पाठवतो आणि कारण स्पष्ट लिहितो (२ करिंथ ८:२०-२१): कोणी बोट दाखवू नये, आणि फक्त प्रभूच्या नाही तर माणसांच्या नजरेतही ते चांगले असावे.

तोवर रविवारी नेहमीच्या बाकावर बसा. अर्पण थांबवू नका. थांबवलेल्या अर्पणाचा पहिला फटका चर्चच्या झाडूवाल्याला बसतो. त्या प्रार्थनासभेला जायला हरकत नाही, पण वेळ रविवारच्या उपासनेची असेल किंवा प्रार्थनेनंतर पाळकसाहेबांचाच विषय निघत असेल तर उठून या. आणि पाळकसाहेबांकडे पहिल्या भेटीला जाल तेव्हा वडिलांसाठी केलेल्या फेऱ्यांचे आभार आधीच माना, हिशेबाचा कागद काढण्यापूर्वी. निघताना आभार मानले तर ते लाच वाटतात.

जमाखर्च जुळला की त्याच बैठकीत तीन ठिकाणचे दर मागवायचे ठरवा आणि काम मृग लागायच्या आत उरकेल अशा बेताने द्या. भिजलेल्या वाशांवर पत्रे चढवले तर पुढच्या वर्षी पुन्हा वर्गणी काढावी लागेल.